चुलवणातल्या दोन चकत्या

परवा देवळाली प्रवराहून गुळाची ढेप आली. दर पौषात येते. ढेपेच्या अंगावर फडक्याची वीण उमटलेली असते आणि तळाशी चिपाडाची एखादी काडी चिकटलेली असते. माझी सून ती काडी काढून टाकते, ढेप नीट पुसते आणि मगच डब्यात भरते. तिने पुसायच्या आत मी ढेपेला नाक लावून घेते. आधी गोड वास येतो. त्याच्यामागून धूर येतो. आणि सगळ्यात शेवटी, शोधला तरच सापडेल असा, कोमट राखेचा वास येतो. तो एकदा सापडला की मग मला काही विचारू नये. दूध उतू जातं, दार वाजत राहतं, आणि मी पन्नासहून अधिक वर्षं मागे, उसाच्या फडावर उतरलेल्या धुक्यात उभी असते.

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती. आम्ही नगरशेजारच्या भिंगारला राहायचो. वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर होते, त्यामुळे आमची चाळही लष्कराच्या भोंग्यावर उठायची आणि निजायची. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना लावलेले काळे कागद अजून कुणी नीट काढले नव्हते. ते आपोआप फाटत होते, आणि फाटलेल्या जागेतून सकाळचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी घरात येऊन आईच्या भाकरीच्या परातीत पडायचं. ती थंडी आठवते तेव्हा मला आधी ते परातीतलं ऊन दिसतं.

मी नगरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चं काम करायचे. काम काय, तर बेरियम टायटनेट नावाच्या पदार्थाचा अतिशय पातळ थर एका छोट्या चकतीवर बसवायचा. इतका पातळ की माणसाचा केससुद्धा त्याच्यापुढे ओंडका वाटावा. आई शेजारणींना सांगायची, "आमची शालू कशावर तरी कसलं तरी सारवण करते." यापेक्षा चांगली व्याख्या पुढे मला कुठल्या पुस्तकातही सापडली नाही.

या पदार्थाचा स्वभाव मला फार आवडायचा. अजूनही आवडतो. त्याच्या आतल्या कणाकणाला विजेची एक दिशा असते, एका अंगाला धन आणि दुसऱ्या अंगाला ऋण. बाहेरून वीज लावून ती दिशा फिरवता येते, आणि वीज काढून घेतली तरी तो ती विसरत नाही. पण कडक तापलेला असताना त्याला दिशाच नसते. निवता निवता एका टप्प्यावर तो अचानक कुठेतरी कल धरतो. त्या वयात मला हे सगळं माणसांसारखं वाटायचं, आणि माझ्या मार्गदर्शक सरांसमोर तसं बोलायची चोरी होती.

काचेच्या हंडीतली हवा पंपाने काढून घ्यायची आणि तिच्यात तो पदार्थ वाफ करून चकतीवर बसवायचा. बसलेला थर आधी काळपट दिसायचा. मग भट्टीत घालून त्याला हवेत कडक भाजायचं, म्हणजे तो स्वच्छ व्हायचा आणि पाण्यावर रॉकेलचा थेंब पसरल्यासारखे रंग त्याच्यावर खेळायला लागायचे. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीने चालायचं. घात व्हायचा तो निवताना. भट्टीतून चकती काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की थरावर भेगांचं जाळं दिसायचं, तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा. महिनोन् महिने असंच चाललं होतं. वीज सारखी जायची, भट्टी मध्येच गार पडायची. तेव्हा दोष कुणाचा हे उघडच होतं.

"घाई होतेय," सर म्हणायचे. "निवणं फार घाईचं होतंय. सावकाश, शालन, सावकाश."

सरांनी चकत्या मात्र उत्तम मागवल्या होत्या. वितळवून घडवलेल्या क्वार्ट्झच्या, आरपार, पाण्यासारख्या. क्वार्ट्झचं कौतुक असं की तो कितीही तापवा, फुगत नाही, आणि कितीही निववा, आकसत नाही. बाकीचं जग उन्हाळ्यात सैलावतं आणि थंडीत आवळतं, हा आपला जागच्या जागी ढिम्म. सर ती चकती चिमट्यात धरून उजेडाकडे करायचे आणि म्हणायचे, "पाया असावा तर असा."

हेच वाक्य मी घरीही ऐकलं होतं. आदल्या उन्हाळ्यात कुसुमताईचं लग्न झालं तेव्हा वडिलांनी तिच्या सासरबद्दल असंच म्हटलं होतं. देवळाली प्रवराचं कालव्याखालचं घर, स्वतःचा ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. "तीन पिढ्यांत त्या घराची रीत तसूभर हललेली नाही," वडील अभिमानाने सांगत होते. "भक्कम घर आहे." ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. भिंगारहून नगरपर्यंत सायकल दामटत जाणारी, डी.एड. झालेली, आणि चाळीतल्या पोरांना जिन्यावर बसवून पाढे शिकवता शिकवता त्यांच्यापेक्षा जास्त हसणारी.

लढाईच्या आधीच्या दिवाळीला ती माहेरी आली. आल्या आल्या माठापाशी गेली, तांब्या हातात घेतला, आणि आईकडे वळून म्हणाली, "घेऊ का?"

आईने ऐकलं नाही किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मात्र ऐकलं. आपल्या आईच्या घरात, लग्नाआधी रोज आपल्या हाताने भरलेल्या माठातलं पाणी घ्यायला ही परवानगी मागतेय! तिला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. दाजी भले होते. सासू तोंडाने फटकळ, पण वाईट नव्हती. सगळं चांगलंच होतं, आणि ताई दिवसेंदिवस हळू बोलायला लागली होती.

तिनेच मग रात्रीची भांडी आवरताना सांगितलं. तिच्या वस्तीजवळ एका संस्थेची नवी शाळा निघाली होती. तिथल्या हेडमास्तरांनी दाजींना विचारलं होतं, वहिनी शिकलेल्या आहेत, येतील का? संक्रांतीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर ते राहुरीच्या एका बाईंना घेणार होते. शाळा सकाळची. आणि सकाळच्या धारा त्या घरात सुनेच्या हातच्या. आत्याबाईंच्या, म्हणजे ताईच्या सासूबाईंच्या, सासूबाईंपासून तसंच चालत आलेलं. धारा, मग चुलीपुढच्या भाकऱ्या, मग गोठा. ही कामं दुसऱ्या कुणी करायची नाहीत अशी काही बंदी नव्हती. कुणी कधी केली नव्हती, एवढंच.

"मग विचार ना त्यांना," मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाल्या, सावकाश बघू. आधी रुळू दे." ताईने पातेलं पालथं घातलं. "तुझे दाजीही तेच म्हणतात. हळूहळू होईल म्हणतात."

आईही तेच म्हणाली. वडीलही. मला वाटतं, त्या काळी मुलीला माहेरहून आहेरात साडीबरोबर 'सावकाश' हा एक शब्द घडी घालून देत असत. विषय बदलायला ताईनेच मला विचारलं, "तुझ्या त्या सारवणाचं काय?" मी माझं रडगाणं गायले. वीज, भट्टी, भेगा. ती ऐकत राहिली आणि मग एकदम पूर्वीची ताई होऊन म्हणाली, "अगं, सावकाश निववायचंय ना? आमच्या गुऱ्हाळाच्या चुलवणात ठेव की, रसाच्या काहिलीखाली जाळ असतो तिथे! संध्याकाळचं शेवटचं आधण उतरलं, की चुलवणाचं तोंड लिंपून टाकतात. दुसऱ्या दिवशीही राख ऊनच असते. तिथे वीज जायची भानगडच नाही."

सरांना सांगितलं तर ते आधी हसले, मग म्हणाले, "जाऊन ये."

संक्रांतीच्या दोन-तीन दिवस आधी मी एसटीने निघाले. चिनीमातीची झाकणाची मूस शालीत गुंडाळून मांडीवर. आत दोन चकत्या, दोन्हींवर एकाच वेळी, एकाच हंडीत बसवलेला थर. एक क्वार्ट्झची, सरांच्या जिवाची. दुसरी साध्या स्टीलची. वडिलांनी वर्कशॉपच्या भंगारातल्या पत्र्याची गोल कापून दिली होती आणि मी पॉलिश पेपरने घासून घासून तिच्यात तोंड दिसेल इतकी चकचकीत केली होती. हंडीत जागा रिकामी होती म्हणून ती ठेवलेली. सरांनी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. शेजारी बसलेली बाई बराच वेळ माझ्या मांडीकडे बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "किती म्हयन्याचं हाय वं लेकरू? लई शांत हाय."

गुऱ्हाळ दिसायच्या आधीच नाकाला कळलं. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत होता, त्याच्यावर सोनेरी फेस चढत होता, आणि वाफेतून माणसं अर्धीच दिसत होती. कुणाचे नुसते हात, कुणाचा नुसता पटका. चुलवणात चिपाडं सारली की आतून लाल उजेड बाहेर यायचा आणि त्या वाफेला रंग चढायचा. मी तिथे उभी राहिले आणि ताईची काळजी थोडा वेळ विसरले. ताईने वाटीत गरम काकवी आणून दिली. जीभ भाजली. अजून भाजल्यासारखी वाटते.

आत्याबाई ओट्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट, हातात अडकित्ता. त्यांनी मूस पाहिली.

"ह्यात काय हाय?"

"चकत्या आहेत, आत्याबाई. भाजून सावकाश निववायच्यात."

"कशापायी?"

"घाईने निवल्या की तडकतात."

"मंग बराबर हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांची नजर ताईकडे गेली. "सावकाशच निवाया पायजे समदं. तुज्या बहिनीलाबी मी त्येच सांगती. साळा काय पळून जाती व्हय? नवी हाय, रुळू दे. पुढल्या साली बगू."

ताई काहिलीकडे बघत राहिली. पुढल्या साली तिथे राहुरीच्या बाई असणार, हे तिथल्या सगळ्यांनाच माहीत होतं. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात ताईने माझ्या पाठीला हात लावला. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे म्हणण्यासारखं होतंच काय? माझा स्वतःचा सगळा भरवसा त्या दिवशी 'सावकाश'वरच होता.

शेवटचं आधण उतरलं. मूस एका मोठ्या गाडग्यात ठेवली, गाडगं निखाऱ्यांत खोल सरकवलं, चुलवणाचं तोंड पत्र्याने झाकून चिखलाने लिंपलं. ताईने लिंपलं. लिंपताना तिची बोटं किती मऊपणे फिरत होती ते मी पाहत होते.

सकाळी उसाच्या फडावर धुकं होतं. कालव्याचं पाणी वाफाळत होतं. पत्रा काढला, राख बाजूला केली. राख कोमट होती, नुकत्या निजून उठलेल्या लेकराच्या अंगाइतकी. आत्याबाईही आल्या होत्या. त्यांच्या चुलवणात काय शिजलं हे त्यांना बघायचं होतंच. ताई धारा उरकून तशीच दुधाची चरवी हातात घेऊन उभी होती. मी झाकण उचललं.

स्टीलची चकती जशीच्या तशी होती. तिच्यावर निळे-जांभळे रंग, कुठे ओरखडा नाही, भेग नाही. क्वार्ट्झच्या चकतीवर इकडून तिकडे जाळं पडलं होतं. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. उन्हात नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

मी खाली बसलेच. रात्रभर निवलं होतं, याहून सावकाश निववणं कुणाला शक्य नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. सरांची चकती, इतके महिने, सगळं राखेत गेलं असं वाटलं.

"अगं, रडतीस काय? एक तर चांगली हाय की," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून दोन्ही चकत्या पाहिल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पन ह्ये कसं काय? येकच भट्टी, येकच राख. वरचं सारवनबी येकच म्हनतीस."

"एकच."

"मंग ह्येच का फुटलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर देता देताच मला ते कळलं. असं पुढे माझ्या आयुष्यात फार वेळा झालं नाही.

"आत्याबाई, तापल्यावर सगळं फुगतं, निवताना आकसतं. वरचा थरही आकसायला बघतो. पण तो खालच्या चकतीला चिकटलाय, एकट्याने आकसता येत नाही. ही स्टीलची चकती त्याच्याबरोबर आकसली, उलट थोडी जास्तच. त्याला जवळ घेतलं तिने. आणि ही दुसरी फार भक्कम. ती हललीच नाही. मग वरचा बिचारा ताणला गेला. ताणला गेला आणि फाटला."

"मंजी सावकाश निववून काय उपेग न्हाई?"

"नाही," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होते. "सावकाश निववलं तर तो सावकाश फाटतो. खालचा हलला नाही, तर वरच्याला कितीही वेळ द्या."

धुक्यात कुठेतरी बैलगाडीची घुंगरं वाजत होती. मला शपथेवर सांगता येईल, मी त्या क्षणी फक्त चकत्यांबद्दल बोलत होते. ताईकडे बघितलं तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो. तिने चरवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि ती जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, आता आत्याबाई फाडकन काहीतरी बोलणार.

क्वार्ट्झची चकती पदरात घेऊन त्यांनी ती पुसली, उजेडाकडे धरली, अगदी सर धरायचे तशी. मग म्हणाल्या, "ही तुला लागनार हाय का?"

"नाही. फुटली ती."

"मंग मला ऱ्हाऊ दे."

ताईने मान वर केली. "आत्याबाई, फुटकं घरात ठेवत नाहीत ना आपण?"

"असू दे," आत्याबाई म्हणाल्या. त्या दोन पावलं घराकडे चालल्या, परत वळल्या, आणि ताईच्या हातातली चरवी काढून घेतली. "सोमवारपासनं धारा मी काढीन. दोन म्हशी हायेत, हात काय गळून पडत न्हाईत माजं. साळा कितीला भरती?"

ताईने वेळ सांगितली. तिचा आवाज मोठा आला. इतका, की चुलवणापलीकडे चिपाडं पसरणाऱ्या बाईने वळून पाहिलं.

आत्याबाईंनी माझं पदार्थविज्ञान ऐकून हे केलं, की आदल्या संध्याकाळी सुनेच्या गप्प बसण्यातच त्यांना काही दिसलं होतं, ते मला माहीत नाही. त्यांना विचारायची माझी कधी छाती झाली नाही. सरांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, चकत्यांची आणि चरवीची. ते म्हणाले, "आपण भलत्याच गुणाची पूजा करत होतो, शालन." त्यानंतर मी पायाच बदलला. पुढची सगळी वर्षं मी हेच तपासत राहिले, की कोणता पाया किती आकसतो आणि त्यामुळे वरच्या थराचं काय होतं. पुढे हेही दिसलं की ताणलेल्या थरात विजेची ती दिशा आडवी पडते, पायाला समांतर. पाया बेताने आकसून थराला जवळ घेतो तेव्हा ती दिशा उभी राहते. पहिल्यांदा मोजणीत हे दिसलं त्या दिवशी मला प्रयोगशाळेत राखेचा वास आला होता. पाया फारच आकसला तर थर फुगून सुटून येतो, हेही खरं. म्हणून मी आवळण्याचं कौतुक सांगत नाही. पोरीबाळींना घट्ट धरा, असा अर्थ यातून कुणी काढू नये. मला फक्त त्या 'सावकाश' शब्दाची चीड आहे. माझ्यासमोर कुणी तो वापरला की मी आधी विचारते, बरं, आणि तोवर तुम्ही काय करणार?

ताई त्या शाळेतून हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाली. आत्याबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत ती चकती स्वयंपाकघराच्या फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी होती. धाकटी सून घरात आली, तिने माहेरची शिलाई मशीन आणू का विचारलं, तेव्हा आत्याबाई म्हणे नेहमीप्रमाणे "सावकाश बगू" असं म्हणायला निघाल्या, नजर फळीवर गेली, आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. हे ताईने मला हसून हसून सांगितलं होतं.

ढेप पोचल्याचं सांगायला मी काल ताईला फोन केला. तिचा नातू आणि नातसून तिथेच राहतात. नातसून पशुवैद्य, तिला परभणीला पुढचं शिकायला जागा मिळालीय, आणि बाळ अजून वर्षाचंही नाही. घरात काय चाललं असेल ते मला न सांगता दिसत होतं.

"काय म्हणतात सगळे?" मी विचारलं.

"काय म्हणणार? सावकाश जा म्हणतात. बाळ मोठं होऊ दे म्हणतात. मीही तेच म्हणणार होते बघ," ताई म्हणाली. "मग आज सकाळी स्टुलावर चढून ती चकती खाली काढली."

"या वयात स्टुलावर चढलीस?"

"चढले. पुसली, परत वर ठेवली. आणि पोरीला म्हटलं, तू जा. बाळाला मी बघते. गुडघे कुरकुरतात माझे, पण कुरकुरू देत."